आधी थप्पी की आधी गॅलरी? (नैसर्गिक कडेचं फर्निचर आणि लाकडी शिल्पं)

चिरफाळी
हाताने घडवलेल्या लाकडी फर्निचरच्या आणि शिल्पांच्या अमेरिकी गॅलऱ्यांचा इतिहास वाचायला घेतला की पहिल्या परिच्छेदातच एक मनस्वी कलाकार, एक पडलेलं झाड आणि 'मला काय व्हायचंय ते झाडानेच सांगितलं' हे वाक्य भेटतं. झाडं इतकी बोलकी असती तर आरायंत्रावर काम करणं अवघड झालं असतं.

माझं मत असं की या जागांचा खरा इतिहास त्यांच्या लाकडाच्या थप्पीत आहे. लाकूड कोणी विकत घेतलं, कसं चिरलं, किती वर्षं सुकू दिलं आणि त्या वर्षांमध्ये भाडं कुठून भरलं, हे समजलं की बाकीची शैली आपोआप समजते. रुंद अखंड फळी आणि सालीकडची वाकडी कड हा सौंदर्यदृष्टीचा भाग नंतरचा.

जाणकारांनी सांगावं: कार्यशाळा, गोदाम आणि विक्री एकाच आवारात, ही पद्धत कुणापासून आली? आणि टेबल करणारेच शिल्पंही करतात, हे एकाच छपराखाली का जमतं?

गुण्या
सुरुवात वॉर्टन एशरिकपासून धरा. जन्म १८८७, शिक्षण चित्रकलेचं. चित्रांच्या चौकटी स्वतः कोरता कोरता लाकडी ठसे, मग शिल्पं, मग फर्निचर. पेनसिल्व्हेनियात पाओलीजवळच्या टेकडीवर १९२६ मध्ये त्याने स्टुडिओ बांधायला घेतला आणि पुढची चाळीस वर्षं तो बांधतच राहिला. १९३० चा तिथला चक्राकार जिना ओकचा आहे: मधोमध पिळवटलेला जाड खांब आणि त्यात एका बाजूने घुसवलेल्या पायऱ्या. पायरीचं दुसरं टोक अधांतरी. म्हणजे सगळा भार खांबातल्या सांध्यावर. १९४० साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात वास्तुरचनाकार जॉर्ज हाऊने मांडलेल्या दालनात तो जिना आणि एशरिकचं फर्निचर लोकांनी पाहिलं.

१९७० मध्ये तो गेला, १९७२ पासून ती जागा संग्रहालय आहे. राहणं, काम करणं आणि दाखवणं एकाच ठिकाणी, हा नमुना तिथे पूर्ण दिसतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे: तो शिल्पकार म्हणूनच फर्निचरकडे आला, सुतार म्हणून नव्हे.

तिरका_रंधा
वाचतोय. झाडाने डिझाइन सांगितलं असेल तर डिझाइनची फी झाडाच्या नावे काढावी.

शिसवी
एशरिक मान्य, पण त्याची थप्पी छोटी होती. मिळेल त्या लाकडात तो काम करायचा. १९३८ ला हेजरो थिएटरसाठी खुर्च्या केल्या त्या तर हातोड्यांच्या तयार दांड्यांच्या. थप्पीवर उभा राहिलेला कारभार पाहायचा तर जॉर्ज नाकाशिमा.

जन्म १९०५, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचा. एमआयटीमधून वास्तुशास्त्र. टोकियोत वास्तुरचनाकार अँटोनिन रेमंडच्या कार्यालयात नोकरी, आणि त्याच कार्यालयाच्या कामावर १९३७ मध्ये तो पाँडिचेरीला आला. अरविंद आश्रमाच्या 'गोलकोंड' या इमारतीच्या बांधकामावर तो होता. आश्रमाने त्याला 'सुंदरानंद' हे नाव दिलं. युद्धात, १९४२ मध्ये, जपानी वंशाचा म्हणून अमेरिकी सरकारने त्याला कुटुंबासह आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत डांबलं. तिथे गेंतारो हिकोगावा नावाचा जपानी परंपरेत तयार झालेला सुतार त्याला भेटला. मोडक्यातोडक्या लाकडावर आणि रानातल्या काटक्यांवर हात बसला तो तिथे. १९४३ मध्ये रेमंडच्या हमीवर सुटका झाली आणि तो पेनसिल्व्हेनियात न्यू होपला आला. कार्यशाळा आजही तिथेच आहे.

आता थप्पीबद्दल. तो फळ्या नाही, अख्खे ओंडके घ्यायचा. आरायंत्रापाशी स्वतः उभा राहून कुठून चिरायचं ते ठरवायचा. एका ओंडक्याच्या सगळ्या फळ्या चिरल्या त्याच क्रमाने पुन्हा एकावर एक, मध्ये पट्ट्या घालून रचायच्या. असा क्रम टिकला तरच दहा वर्षांनी पाठोपाठच्या दोन फळ्या पुस्तक उघडल्यासारख्या शेजारी मांडता येतात आणि लाकडातल्या रेषा आरशातल्यासारख्या जुळतात. क्रम एकदा मोडला की जुळणी गेली, मग फळी कितीही देखणी असो.

गुण्या
@शिसवी, शब्दशः सहमत. फक्त 'पहिला' म्हणू नका. तो न्यू होपला पोचला तेव्हा एशरिकचा स्टुडिओ उभा राहून दीड दशक झालं होतं.

शिसवी
पहिला म्हटलेलंच नाही. 'थप्पीवर उभा राहिलेला' म्हटलंय. चष्मा पुसा.

ओला_ओंडका
थप्पीचा विषय निघालाच आहे तर ती रचायची कशी तेही येऊ द्या, कारण निम्मं लाकूड तिथेच वाया जातं.

चिरल्या दिवशीच दोन्ही टोकं मेणाच्या इमल्शनने किंवा जाड रंगाच्या दोन हातांनी बंद करायची. टोकातून पाणी बाजूपेक्षा कितीतरी वेगाने जातं. टोक आधी आक्रसतं, मधला भाग ओलाच असतो, आणि फळी टोकाकडून फाटते. दुसऱ्या दिवशी लावलेला रंग म्हणजे चीर पडून गेल्यावर लावलेला रंग.

थप्पी जमिनीपासून हातभर वर. फळ्यांमधल्या पट्ट्या २० ते २५ मिलिमीटर चौरस, सगळ्या एका मापाच्या आणि कोरड्या. ओली पट्टी घातली की फळीवर आडवा डाग बसतो आणि तो रंध्याने जात नाही, खोलवर असतो. अंतर ४० ते ६० सेंटिमीटर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टीवर पट्टी ओळंब्यात यायला हवी. एक पट्टी बोटभर सरकली तर वरच्या सगळ्या वजनाने खालच्या फळीला तिथे कायमचा बाक येतो. वर छप्पर, सर्वात वर दगडाचं वजन, बाजू मोकळ्या. बाजूने प्लॅस्टिक गुंडाळणारे बुरशीची शेती करतात.

वेळ: ढोबळ हिशेब इंचाला वर्ष. अडीच इंची अक्रोडाची फळी म्हणजे अडीच-तीन वर्षं, आणि तेवढ्यानेही ती बाहेरच्या हवेच्या पातळीला येते, म्हणजे ओलावा १२ ते १५ टक्के. गरम केलेल्या अमेरिकी घरात लाकूड ६ ते ८ टक्क्यांवर स्थिरावतं. मधलं अंतर भट्टीत किंवा गरम खोलीत भरून काढावं लागतं.

काथ्याकूट
असहमत. भट्टीत काही आठवड्यांत सुकतं. 'तीन वर्षं मुरवलेलं' हे विक्रीसाठी वापरायचं वाक्य आहे, लोणच्यासारखं.

ओला_ओंडका
इंचभर फळीला तुमचं बरोबर. अडीच इंचीला नाही. ओलं लाकूड थेट भट्टीत घातलं तर बाहेरचा थर सुकून घट्ट होतो, आतल्या ओल्या गाभ्यामुळे त्याला आक्रसता येत नाही, आणि तो ताणलेल्या अवस्थेतच अडकून बसतो. पुढे आतला भाग सुकायला लागला की तो आक्रसतो, पण बाहेरचं कवच त्याला जवळ येऊ देत नाही. मग आतल्या आत फाटतं. बाहेरून फळी निखळ, मधून कापली की मधमाश्यांचं पोळं. म्हणून जाड फळी आधी हवेवर २०-२५ टक्क्यांपर्यंत आणायची आणि मग भट्टीत. भट्टीतून बाहेर काढण्याआधी शेवटी वाफ देऊन तो ताण सोडवायचा. हे वगळलं तर उभी चिरताना फळी करवतीच्या पात्याला चिमटा घेते.

भट्टीचा एक फायदा मात्र निर्विवाद. सालीलगतच्या पांढऱ्या कच्च्या लाकडातले भुंगेरे. गाभ्यापर्यंत ५६ अंश आणि तिथे अर्धा तास, एवढं झालं की अंडीसुद्धा मरतात. नुसत्या हवेवर सुकवलेल्या सालीच्या कडेतून वर्षभराने पीठ गळायला लागलं तर गिऱ्हाइकाला काय सांगणार?

शिसवी
यात अक्रोडाची एक गंमत. मोठ्या गिरण्या चिरलेल्या काळ्या अक्रोडाला वाफ देतात, म्हणजे पांढरा कच्चा भाग गडद होतो आणि जास्त माल 'एकसारखा' म्हणून विकता येतो. त्या वाफेत गाभ्यातली जांभळट, तांबूस, हिरवट छटा मरते आणि सगळं सपाट तपकिरी होतं. हवेवर सुकवलेल्या अक्रोडात त्या छटा राहतात. गॅलरीतलं टेबल आणि दुकानातलं टेबल शेजारी ठेवलं तर पहिल्या नजरेत जाणवतो तो फरक हा. तेव्हा @काथ्याकूट, सगळं लोणचं नाही.

काथ्याकूट
बरं, अर्धं मागे घेतो. अर्धं लोणचं.

साल_मुबारक
माझ्या नावाला जागून सालीबद्दल.

'नैसर्गिक कड' म्हणजे साल ठेवलेली कड असा समज आहे. बहुतेक चांगल्या कामात साल काढलेली असते, ठेवलेला असतो तो सालीखालचा पृष्ठभाग. साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढीचा जिवंत थर असतो. वसंतात-उन्हाळ्यात तो ओला आणि भरभरून वाढत असतो, तेव्हा तोडलेल्या झाडाची साल केळ्यासारखी सुटते. ऐन थंडीत, थर निजलेला असताना तोडलेल्या झाडाची साल धरून राहते. साल ठेवायचीच असेल तर तोडीचा महिना विचारा, नंतर पातळ गोंद पाजून फार काही होत नाही.

काढायची तर बोथट पटाशी किंवा दोन हातांची ओढसुरी. धारदार हत्याराने लाकडात चरे जातात आणि कड 'कोरलेली' दिसते. शेवटी नायलॉनचा किंवा पितळी ब्रश. लोखंडी तारेचा ब्रश अक्रोड, ओक, रेडवूड यांवर चालवायचा नाही: तुटलेल्या तारेचा कण लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी भिडला की निळाकाळा डाग. पडलाच तर ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण, मग स्वच्छ पाण्याने धुणं. ते विषारी आहे, आणि वाळल्यावर पॉलिशपेपर मारताना त्याची पूड नाकात गेली तर अख्ख्या आळीला ऐकू जाईल इतकं शिंकाल.

पटाशी_पंचवीस
फुलपाखरी चावी, म्हणजे चिरेवर आडवा बसवलेला, मधे बारीक असा लाकडी तुकडा, तिच्याबद्दल कुणीच नाही? नाकाशिमा म्हटलं की लोकांना तीच आठवते.

जुना जपानी सांधा आहे, शोध त्याचा नाही. त्याने फक्त लपवायचं सोडून दाखवायला घेतलं. चावीचं काम चीर बंद करणं नव्हे, आहे तिथे थांबवणं. म्हणून:

चावीतल्या रेषा चिरेला आडव्या असाव्यात. चिरेच्या दिशेनेच रेषा ठेवल्या तर चावी कंबरेत मोडते. ही चूक सर्रास दिसते, कारण तशी ठेवली की रेषा जुळून 'छान' दिसतं.

खोली फळीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. ५ मिलिमीटरचं पापुद्र्यासारखं फुलपाखरू ही रांगोळी झाली.

आधी चावी करायची, ती फळीवर ठेवून सुरीने रेघ मारायची, मग खाच खोदायची. पेन्सिलीची रेघ जाड असते, तेवढीच फट राहते. चावीच्या कडांना खालच्या बाजूला एक-दोन अंशांचा उतार दिला की ठोकताना ती घट्ट होत जाते. खाचेचे आतले कोपरे मात्र राउटरने (फिरत्या पात्याच्या यंत्राने) होत नाहीत, तिथे पटाशीच. चावीचं लाकूड फळीइतकं किंवा जास्त सुकं हवं. ओली चावी खाचेत बसल्यावर आक्रसते आणि वर्षभरात खुळखुळायला लागते.

तिरका_रंधा
एवढं कशाला, दोन फळ्यांमध्ये निळं इपॉक्सी रेझिन ओता, नदी करा, खाली दिवा लावा. संपला विषय.

रसायन_शेजारी
@तिरका_रंधा, घ्या आता, नदीचा विषय तुम्ही काढलाय.

रेझिन घट्ट होताना उष्णता सोडतं. पातळ थरात ती निसटते, जाड ओतीत आत कोंडते, तापमान वाढतं, त्याने प्रक्रिया आणखी वेगात होते. शेवट पिवळेपणा, तडे किंवा चक्क धूर. टेबलावर फासायचं रेझिन एका वेळी ५-६ मिलिमीटर, खोल ओतायचं वेगळं येतं आणि तेही डब्यावर लिहिलंय तेवढंच, साधारण ५० मिलिमीटरपर्यंत. लाकडाची कड आधी पातळ हाताने बंद करायची, नाहीतर छिद्रांतली हवा रात्रभर बुडबुडे सोडत बसते.

खरी गोम पुढे आहे. रेझिन ऋतूंबरोबर रुंदीत फुगत-आक्रसत नाही, लाकूड फुगतं. १२ टक्क्यांवरच्या फळीत ओतलेली नदी ८ टक्क्यांवरच्या घरात गेली की काठ सुटतो किंवा टेबल पन्हळीसारखं वाकतं. ही नदी-टेबलं पहिल्यांदा लोकप्रिय झाली ती निळ्या काचेची होती. फळीत खोबणी, काच वरून नुसती ठेवलेली, कडेला बारीक सांध. लाकूड हलायला मोकळं. काचेच्या जागी रेझिन आलं आणि ती मोकळीक गेली.

हिशेबी
हलणं-हलणं सगळे म्हणताहेत, आकडा घ्या. काळा अक्रोड, सरळ चिरलेली फळी: ओलावा १ टक्का बदलला की रुंदीत बदल सुमारे ०.००२७४ पट. ९०० मिलिमीटर रुंद टेबल, वर्षभरात ४ टक्क्यांचा फरक: ९०० × ४ × ०.००२७४, म्हणजे जवळजवळ १० मिलिमीटर. गाभ्यातून किरणांच्या दिशेने चिरलेली असेल तर गुणक ०.००१९, म्हणजे ७ च्या आत. लांबीत नगण्य.

या १० मिलिमीटरला पायांशी भांडू द्यायचं नाही. मधला स्क्रू पक्का, बाजूचे लंबगोल भोकांमधून, भोकाची लांब बाजू फळीच्या रुंदीच्या दिशेने. वॉशर घाला आणि जीव तोडून आवळू नका. पोलादी चौकट आडवी वेल्ड करून आठ स्क्रूंनी जखडली की फळी मधून फाटते, आणि मग दोष 'लाकूड खराब निघालं' म्हणून लाकडाला.

शिसवी
उत्तम. आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाय: शिल्पं.

मूर्तिभंजक
आलो.

फळी आणि शिल्प यांतला मूळ फरक असा की फळीतून गाभ्याचा मध्यबिंदू वगळता येतो, ओंडक्यातल्या शिल्पातून तो वगळणं अवघड. लाकूड परिघाच्या दिशेने जितकं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मंच मध्याच्या दिशेने आक्रसतं. अक्रोडात फरक जरा कमी, ७.८ आणि ५.५ टक्के. परीघ कमी पडतो, वर्तुळ पुरं होत नाही, म्हणून अख्ख्या ओंडक्याला कडेपासून मध्यापर्यंत पाचरीसारखी चीर पडणारच. नशिबाचा भाग नाही, भूमिती आहे. प्रश्न एवढाच की चीर तुम्ही ठरवाल तिथे पडेल की चेहऱ्यावर.

उपाय सगळे जुने आहेत. जपानी सुतार खांबाच्या न दिसणाऱ्या बाजूला मध्यापर्यंत करवतीचा उभा काप घेऊन ठेवतात, म्हणजे खांब तिथेच उघडतो. मूर्तिकार पाठीमागून पोखरतात: जपानी बुद्धमूर्ती आतून पोकळ, आणि जर्मनीत मूर्तिकार रीमनश्नायडरच्या काळातल्या लिंडेन लाकडाच्या मूर्तीही मागून पोखरलेल्या. भिंत सगळीकडे सारखी जाड राहिली की सगळीकडे सारखी सुकते. जाडीत फरक राहिला, उदाहरणार्थ मान पोकळ आणि छाती भरीव, तर चीर त्या उंबरठ्यावरून सुरू होते.

तिसरा मार्ग रसायनाचा. पॉलिएथिलीन ग्लायकोल पेशींच्या भिंतींत पाण्याची जागा घेतं आणि आक्रसणं थांबतं. स्वीडनचं बुडालेलं वासा जहाज १९६१ मध्ये वर काढलं, त्यावर १९६२ ते १९७९ अशी सतरा वर्षं हेच फवारत होते. शिल्पांसाठी ओलं लाकूड द्रावणात आठवडेच्या आठवडे बुडवतात. पण नंतर लाकूड मेणचट राहतं, दमट हवेत ओलसर लागतं, गोंद धड धरत नाही. शिल्पाला चालेल, खुर्चीला नाही.

चौथा, अमेरिकी फर्निचर-शिल्पकार वेंडेल कॅसलचा. ओंडकाच नको. १९६० च्या दशकात त्याने इंचभर जाडीच्या सुक्या फळ्या, प्रत्येक थर अंदाजे आकारात आधीच कापून, एकावर एक चिकटवून गठ्ठा केला आणि त्यावर आधी साखळी करवत, मग पटाश्या आणि कानशी चालवल्या. मधल्या थरांतून पोट आधीच कापून टाकलं की वजन आणि कोरीव काम दोन्ही वाचतं. अट एकच, सगळ्या थरांच्या रेषा एका दिशेने. एक जरी थर आडवा गेला तरी तो शेजाऱ्यांना फाडतो. आणि गोंदाच्या रेषा शेवटच्या आकारावर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या दिसणार, हे धरूनच थर मांडायचे.

काथ्याकूट
म्हणजे कॅसलचं काम 'नैसर्गिक लाकूड' नव्हे, घरी केलेलं जाड प्लायवूड. :)

मूर्तिभंजक
प्लायमध्ये थर आडवे-उभे असतात. मुद्दाम वर लिहिलंय. मास्तर पहिल्या बाकावर बसवतील.

गुण्या
शिल्प की फर्निचर या वादाला कॅलिफोर्नियाचा जे. बी. ब्लंक पुरे. ओकलंडच्या संग्रहालयात १९६९ पासून त्याचं 'द प्लॅनेट' आहे. रेडवूडच्या एकाच प्रचंड बर्लमधून, म्हणजे बुंध्यावरच्या गाठीच्या फुगवट्यातून, साखळी करवतीने काढलेलं सुमारे १३ फूट व्यासाचं कडं. लोक त्यावर बसतात, मुलं चढतात. दुसऱ्या टोकाला सॅम मालूफ. तो स्वतःला साधा लाकूडकाम करणारा म्हणवायचा, आणि १९८५ मध्ये मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळवणारा पहिला कारागीर ठरला.

मालूफची झुलती खुर्ची शिल्पासारखी वाहती दिसते ती पाय आणि बैठकीच्या सांध्यामुळे. बैठकीच्या कडेला खाच, खाचेच्या वरखाली राउटरने काढलेली पायरी. पायात त्याच मापाची खोबण. बैठकीच्या पायरीची कड गोल आणि पायाच्या आतल्या कोपऱ्याची गोलाई त्याच त्रिज्येची, बहुधा अर्धा इंच. दोन्ही एकमेकांत बसले की फट दिसतच नाही, मग कानशीने पाय बैठकीत विरघळवायचा. त्रिज्या अर्ध्या मिलिमीटरनेही चुकली तर तिथे काळी रेघ, आणि ती भरून निघत नाही. गोंद आणि स्क्रू दोन्ही. स्क्रूवर लाकडी बुच.

तेलकट
मालूफचं पॉलिश: टंग तेल, उकळलेलं जवसाचं तेल आणि पॉलियुरेथिन, तिन्ही समभाग. भरपूर चोपडायचं, थांबायचं, मग पृष्ठभाग कोरडा होईपर्यंत पुसायचं. ऊब येईस्तोवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा, असे तीन-चार हात. शेवटी पॉलियुरेथिनच्या जागी किसलेलं मधमाशीचं मेण वितळवून घातलेलं मिश्रण. पुसणं अर्धवट राहिलं तर चिकट पापडी धरते, ती खरवडूनच काढावी लागते. ग्लासचं वर्तुळ उमटलं तर तेवढ्याच भागावर पुन्हा तेल. वार्निशवर हे जमत नाही.

आणि हे ठळक समजा: तेलाची फडकी गोळा करून टोपलीत टाकायची नाहीत. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेताना तापतं, चुरगळलेल्या फडक्यात ती ऊब कोंडते आणि काही तासांत आपोआप पेट घेतं. उघड्यावर एकेरी पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवा. वर्षानुवर्षं जपलेली थप्पी एका फडक्याने जाऊ शकते.

चिरफाळी
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पण 'गॅलरी' कुठेय? आतापर्यंत सगळे कार्यशाळेतच फिरताहेत.

शिसवी
कारण फिरण्यासारखं तिथेच आहे. तरी घ्या. एलीन ऑस्बॉर्न वेबच्या पुढाकाराने १९४० मध्ये न्यूयॉर्कला 'अमेरिका हाऊस' हे हस्तकलेचं दुकान उघडलं, १९५६ मध्ये समकालीन हस्तकलेचं संग्रहालय. १९७२ मध्ये वॉशिंग्टनला रेनविक गॅलरी सुरू झाली तेव्हाच्या लाकूडकामाच्या प्रदर्शनात पाच जण होते: एशरिक, नाकाशिमा, मालूफ, कॅसल आणि आर्थर कार्पेंटर. हा प्रकार कलादालनात बसतो यावर शिक्का तिथे बसला. ईस्ट हॅम्प्टनला 'प्रीतम अँड ईम्स' १९८१ ची, फक्त अशा फर्निचरला वाहिलेली.

पण गॅलरी विक्रीच्या निम्म्याच्या आसपास घेते. जो चार वर्षं फळी सुकवतो त्याला ते परवडत नाही, म्हणून नाकाशिमाने आवारच गॅलरी केलं. गिऱ्हाईक यायचं, फळी निवडायचं, त्या फळीसाठी रेखाटन व्हायचं आणि मग काम. कोनॉइड स्टुडिओ ही काँक्रीटच्या नागमोडी कवचाची इमारत, १९६७ ची आर्ट्स बिल्डिंग, या स्वतःच जाहिरात होत्या. १९७३ ला नेल्सन रॉकफेलरने पोकँटिकोच्या घरासाठी दोनशेहून जास्त वस्तू सांगितल्या. १९६४ मध्ये नाकाशिमाने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही काम केलं. १९९० नंतर कार्यशाळा मुलगी मिरा चालवते, आणि वडिलांनी घेतलेल्या ओंडक्यांच्या फळ्या तिलाही पुरल्या. @चिरफाळी, तुमच्या थप्पीच्या सिद्धांताला याहून चांगला पुरावा नाही.

पटाशी_पंचवीस
भर: नाकाशिमाच्या वस्तूच्या खालच्या बाजूला गिऱ्हाइकाचं नाव शाईने लिहिलेलं असतं. लिलावात आधी टेबल उलटं करतात ते त्यासाठी. नाव आणि कार्यशाळेतलं मूळ रेखाटन जुळलं की प्रश्न मिटतो. खुर्च्यांमध्ये जास्त गोंधळ होतो. सरळ पाठीची एक खुर्ची १९४६ पासून नॉल ही फर्निचर कंपनीही काढत होती.

साल_मुबारक
थप्पीची काळी बाजूही लिहा. रेडवूडच्या बर्लला इतकी मागणी आली की उद्यानातल्या उभ्या झाडांच्या बुंध्यावरचे बर्ल रात्री साखळी करवतीने कापून नेऊ लागले. २०१४ मध्ये रेडवूड राष्ट्रीय आणि राज्य उद्यानांनी त्यातला न्यूटन ड्रुरी रस्ता रात्री बंद केला, तो यासाठी. बर्लमध्ये सुप्त कोंब असतात, झाड पडलं तर त्यातून नवं उगवतं. म्हणजे चोरी फक्त लाकडाची नाही. विकत घेणाऱ्याने ओंडका कुठला, कधी पडला आणि कागद कुठे, हे विचारलंच पाहिजे. 'वादळात पडलेलं झाड' हे वाक्य कुणीही म्हणू शकतं.

नवा_गडी
सगळं वाचलं. एकच अडाणी प्रश्न: टेबल करताना फळीची कुठली बाजू वर, सालीकडची की गाभ्याकडची?

तिरका_रंधा
ज्यावर चहा सांडला नाही ती.

ओला_ओंडका
प्रश्न अडाणी नाही, या धाग्यात हा आधीच यायला हवा होता. सुकताना फळी सालीकडच्या बाजूला खोलगट होते. सालीकडची बाजू वर ठेवली तर कडा उचलतात आणि मध्ये पाणी साचतं, गाभ्याकडची ठेवली तर मधोमध उंचवटा येतो. उंचवटा मधल्या स्क्रूने खाली ओढता येतो, कडा खाली ओढायला दोन्हीकडे जोर लावावा लागतो. म्हणून सुताराचं उत्तर: गाभ्याकडची वर.

शिसवी
आणि डोळ्यांचं उत्तर उलटं. सालीकडची बाजू अरुंद असते, ती वर ठेवली तर वाकडी कड बाहेर उतरत जाते आणि वरून पूर्ण दिसते. गाभ्याकडची वर केली की कड आत वळते आणि उभ्या माणसाला दिसतच नाही, फळी मात्र हलकी, पातळ भासते.

हिशेबी
फळी घराच्या ओलाव्याला आलेली असेल तर दिसेल तशी ठेवा. आलेली नसेल तर ठेवूच नका, परत थप्पीत घाला.

नवा_गडी
आली की नाही ते कसं कळणार? ओलावामापकाच्या टाचण्या पाव इंचच जातात.

ओला_ओंडका
टोकाकडून फूटभर आत एक आडवा तुकडा कापून घ्या, बोटभर जाडीचा. टोकाचा पहिला फूट लवकर सुकतो, तो खोटं बोलतो. ताज्या कापावर, मध्यभागी टाचण्या टोचा. टोचणी नको असेल तर तुकड्याचं वजन करा, १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा, पुन्हा वजन करा. फरक भागिले सुकं वजन, गुणिले शंभर. आणि तुकडा कापायच्या आधी कापणार तिथे, नव्या टोकाला लावायचं मेण हाताशी ठेवा.